उथळ खोबण

दिल्लीच्या दुकानदारानं फोनवर भाव सांगितला:
एका दांड्याचे साडेचार हजार,
भाडं वेगळं, आणि सहाच्या खाली पाठवत नाही.
मी कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार केला.
बत्तीस वर्षं महालेखाकार कार्यालयात
दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या,
ही मात्र दोनदा केली, दोन्हीदा तीच आली.

वेणू काही बोलली नाही.
शेवंतीच्या खुरातली माती काढत राहिली.

शेवंती म्हणजे वरातीची घोडी.
नऊ हिवाळे तिनं लश्करच्या गल्ल्यांतून नवरदेव वाहिले.
बँड, जनरेटर, फटाके, नाचणारे मेव्हणे,
कशाला म्हणून बुजली नाही.
पण जमिनीवर दोरीची सावली दिसली
की चारही पाय रोवून उभी.
"तिला उडी मार असं कुणी सांगितलंच नाही, बाबा.
सावकाश चाल, एवढंच."

मग हजिऱ्याला गेलो, सेंटरिंगवाल्याच्या आवारात.
स्लॅब उतरल्यावर परत आलेल्या निलगिरीच्या बल्ल्या,
अंगावर सिमेंटचे शिंतोडे, एकशे चाळीसला एक.
प्रत्येक बल्ली डोळ्याशी धरून पाहिली.
आठ निवडल्या.
(एक वाकडी होती, ते घरी आल्यावर कळलं.)
टेम्पोवर लादल्या, टोकाला लाल फडकं बांधलं,
आणि मी मागे बसलो, पाय लोंबकळत सोडून,
या वयात.

कमोद मिस्त्रीनं सालं सोलली, गाठी घासल्या,
मग लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा
तसा तळवा फिरवून पाहिला, कुठे टोचतं का.
लाल रंग वेणूनं नाकारला:
घोड्याला लाल नीट दिसत नाही म्हणे.
तेव्हा टेम्पोवाल्या जबरसिंगकडचा उरलेला पिवळा
आणि आमच्या गच्चीच्या दाराचा निळा.
हात-हातभर पट्टे.
काही ठिकाणी निळा पिवळ्यात ओघळला,
तो तसाच राहू दिला.

खरी अडचण आली उभ्या खांबांत.
मिस्त्रीनं खोबण पाडली अडीच इंच खोल,
दांडा असा बसला की मी लोंबकळलो तरी हलेना.
कौतुकाची वाट पाहत त्यानं विडी पेटवली.
मी म्हटलं, उथळ करा.
किती?
इतकी, की खुराचा नुसता धक्का लागला तरी सुटावी.
"गिर जाएगी, बाबूजी."
पडायलाच हवी.
तो माझ्याकडे बघत राहिला.
चौकटी, पलंग, पाळणे, दोन देवळांची दारं,
चाळीस वर्षांत त्यानं उभं केलेलं
काहीच पडलं नव्हतं.
"लोक पूछेंगे, किसने बनाया."
माझं नाव सांगा, म्हटलं.

सकाळी मुरारच्या मैदानावर
तो आपणहून आला, मफलरात गुंडाळून.
धुकं इतकं की घोडी आधी ऐकू आली, मग दिसली.
पहिल्यांदा ती थांबली.
दुसऱ्यांदा दांडा हुंगला,
निळ्यावर नाक टेकवून उभी राहिली.
तिसऱ्यांदा सुटली, आणि मागचा पाय लागला.
दांडा पडला.
ओल्या मातीवर एकदा उसळला,
पोकळ, जुन्या ढोलासारखा आवाज.
शेवंती चार पावलं पुढे जाऊन थांबली,
नवरदेव उतरायची वाट बघावी तशी.
वेणू तिच्या मानेवर झुकून हसत होती.

मिस्त्री धावला.
आधी घोडीचा पाय चाचपला,
मग दांडा, मग खोबण.
अंगठ्यानं तिचा उतार मोजला.
दांडा उचलून परत ठेवला,
आणि मागे सरकताना तोंडातल्या तोंडात म्हणाला,
"ठीक गिरी."

आठ बल्ल्या अकराशे वीस.
टेम्पो दोनशे. पॉलिश पेपर साठ.
मजुरी विचारली की मिस्त्री विषय बदलतो,
म्हणून बेरीज अजून ओढलेली नाही.
वाकडी बल्ली तबेल्याच्या कोपऱ्यात आहे.
तिच्यावर शेवंतीची जुनी झूल वाळते,
जरीची, वरातीतली.