मधातला धुरा

अर्जुनीच्या बँकेनं लिलावात काढलेला कॉम्प्युटर
मी मोटरसायकलवर आणला.
मागं साळा, त्याच्या मांडीवर मॉनिटर.
वाटेत दोनदा म्हणाला, भाटवा, याच्यावर पिच्चर लागते का?

पिच्चर नाही, नाटकं लागतात.
दिवाळी सरली की गावोगाव मंडई,
मंडईच्या रात्री नाटक,
आणि नाटकाला पोस्टर पाहिजे लाल-पिवळं,
हिरोइनचं नाव हिरोहून बोटभर मोठं.
माझा फाँट जुना. विंडोज सोडून कुठंच बोलत नाही.

बारावीच्या सुट्टीत प्रज्योतीनं डिस्क वाटली.
"बाबा, एका बांधीच्या दोन करू,
मधात धुरा टाकू. तुमच्या धानाले धक्का नाई लागत."
तलाठी नाही, मोजणी नाही, शेजाऱ्याशी भांडण नाही,
माऊसनं एक रेघ सरकवली तिनं
आणि कूलरच्या आवाजात दोन घरं झाली:
इकडं माझं विंडोज, तिकडं तिचं लिनक्स.

बटण दाबलं की काळा पडदा, दोन नावं.
वर तिचं, खाली माझं. दहा सेकंद.
तेवढ्यात खालचा बाण दाबायचा.
मी खर्रा घोटत राहायचो
आणि चपलांसकट तिच्या दारात शिरायचो कितीदा.
मग बंद, परत चालू,
पुन्हा दहापासून.

एक भानगड तेवढी राहिली.
ती रात्री बसून उठली की सकाळी
माझं घड्याळ साडेपाच तास मागं.
"तुमचं विंडोज भिंतीवरचं घड्याळ मानते,
माहं लंडनचं मानते," म्हणाली.
आमच्या नवेगावच्या घरात लंडन!
मी रोज काटे सरळ करायचो, कुरकुरत.
पण रात्री पोरगी किती जागली
ते त्या चुकलेल्या वेळेवरून कळायचं.

अजून एक.
तिच्या बाजूनं माझी सगळी बांधी दिसते,
फोल्डर न् फोल्डर, उधारीची यादीसुद्धा.
माझ्या बाजूनं तिची नुसती एक पेटी,
चुकून क्लिक केलं की विचारते:
ही डिस्क वापरण्याआधी पुसावी लागेल. पुसू?
नाही.
पुसू?
नाही म्हटलं ना.

मग ती नागपूरला गेली, नोकरीवर.
दोन वर्षं घड्याळ बरोबर चाललं.

यंदा ऐन मंडईत विंडोज अडलं.
ठिपके गोल फिरत राहिले, घाण्याच्या बैलासारखे.
वडस्याचे कंपनीवाले फोनवर फोन,
आत अकरा पोस्टर अडकलेले.
पहिल्यांदा मी बाण दाबला नाही.
हात मांडीवर ठेवले. तीन, दोन, एक.

पासवर्ड तिनं पंचांगाच्या पाठीवर लिहिलेला:
म्हशीचं नाव आणि ती व्याली ते साल.
उघडलं.
मागच्या चित्रात आमचं तळं, कोण्या उन्हाळ्यातलं, अर्धं आटलेलं.
एका फाइलीत फक्त "बाबाले सांगाचं" एवढं लिहिलेलं,
पुढं कोरं.
धुऱ्यापलीकडं माझी अकरा पोस्टरं सुखरूप.
एक उघडून पाहिलं तर अक्षरं कोसळलेली,
नुसते कंस, टक्के, उलटे स्वल्पविराम.
तिच्या घरात माझी भाषा अशी दिसते तर.
पेनड्राइव्हवर उचलली, वडस्याला पाठवली,
तिथं ती पुन्हा मराठीत आली.

टिकाराम येऊन विंडोज दुरुस्त करून गेला.
जाताना म्हणाला, काका, हा बाजूचा डबा काढून टाकू?
जागा होईन.
त्याला चहा पाजला, पैसे दिले, लावून दिलं.

दिवेलागणीला बसलो.
काळा पडदा, दोन नावं. खालचा बाण.
विंडोज आलं. कोपऱ्यात पाहिलं:
दुपारचा दीड.
आतून सेवंता ओरडली, सात वाजले, जेवाचं नाई का?
येतो म्हटलं.
पोस्टरावर लिहिलं, नाटक रात्री ठीक साडेनऊला,
आणि दीडच राहू दिला.