दहा दिवस

माझं माहेर जतचं. तिथं फूल म्हणजे
बोअरच्या पाइपाला गळती लागते तिथं
आपोआप आलेलं कसलंतरी पिवळं.
दिग्रजच्या या मळीत लग्न होऊन आले
तेव्हा पहिल्याच पहाटे भूपालनं हातात बॅटरी दिली,
आणि आक्का, म्हणजे सासूबाई, सरीत वाकूनच म्हणाल्या,
"वास घेत बसू नगं. उमलत्याल तोवर."

गुलछडी उमलायच्या आत खुडायची.
उमललेली मिरजेत कोणी हातात धरत नाही.
बारा वर्षांत पूर्ण उमललेलं फूल
मी पाहिलंय ते फक्त चुकून राहिलेलं.

चैत्रात कंद उकरतो, सावलीला पसरतो.
आमच्या घरात कंदमूळ शिजत नाही,
शेत मात्र सगळं कंदांवर.
सन्मतीनं लहानपणी विचारलं होतं, हे पाप नाही का?
आक्का म्हणाल्या, "खायाचं हाय व्हय ते?"
वैशाखात लग्नं. दर चढतो, विहीर उतरते,
लाइट रात्री दोनला येते आणि भूपाल
मोटारीपाशीच पोत्यावर झोपतो.
आषाढात नदी न विचारता बांधापर्यंत येते,
खालच्या चार सऱ्यांवर तीन बोटं गाळ ठेवून जाते.
त्या सऱ्या पुढं दोन वर्षं जोरात येतात.
तिला शिव्या घालाव्यात की नाही, आमचं अजून ठरलेलं नाही.

मग भाद्रपद.
गावात गणपती बसतात, दुसऱ्या दिवशी आमचं पर्युषण,
आणि गुलछडी साठाची चारशेवर जाते.
नेमके तेच दहा दिवस आक्का फूल तोडत नाहीत.
"कळीत जीव असतो बारीक." एवढंच.
एक वेळ जेवतात, उकळलेलं पाणी पितात,
देवळातून आल्या की पडवीत पाठ फिरवून बसतात.
भूपाल एका वर्षी चिडून म्हणाला,
"मग आम्ही तोडतोय ते?"
"तुमचं तुम्ही."
हौसाबाई, तिची सून, मी, सुट्टी काढून आलेला सन्मती,
बॅटऱ्या कपाळाला बांधून चारपासून खुडतो,
तरी दोन हात कमी पडतात. तिचेच.
काटा अंगणात लावतो. आक्का वळून बघत नाहीत,
पण ताजव्यात वजन टाकल्याचा आवाज झाला
की जपाची माळ जरा थांबते.
मी पाहिलंय. कोणाला सांगितलेलं नाही.

गणपती गेले की दर एका रात्रीत पडतो.
पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी क्षमावाणी.
आक्का सगळ्यांपुढं हात जोडतात, हौसाबाईपुढं, माझ्यापुढं,
टेम्पो घेऊन आलेल्या इलाही बागवानापुढंसुद्धा.
तो बिचारा मागं सरकला:
"आक्का, दर मी नाही हो पाडला!"
मग एकट्या शेतात जातात,
पहिल्या सरीच्या तोंडाशी उभ्या राहतात,
"उत्तम क्षमा" म्हणतात, मोठ्यानं,
जणू पलीकडच्या टोकाला कोणीतरी कमी ऐकणारं उभं आहे.
आणि पदर खोचून, दोन्ही हातांनी,
आमच्या तिघींच्या एवढं एकट्या खुडतात.

पौषात फूल हलकं भरतं.
कळी बारीक, दांडा आखूड, दव पुसून घ्यावं लागतं.
परवा सगळं मिळून अकराशे ग्रॅम.
इलाही म्हणाला, एवढ्याला टेम्पो नाही परवडत.
ओल्या फडक्यात बांधून पाटी घेऊन मीच एसटीत बसले.
कंडक्टरनं पाटीचं अर्धं तिकीट फाडलं,
वाकून म्हणाला, काय वास आहे हो!
मी म्हटलं, असेल.