उलटं

जालन्याच्या भंगारवाड्यात माझं काम एकच:
माल भट्टीकडं जायच्या आधी त्याला चुंबक लावायचं.
चिकटलं तर लोखंड, उजव्या ढिगात.
नाही चिकटलं तर थांबा, भाव वेगळा.

हे अर्धंच चिकटलं.
नांदेडकडच्या बंद तंत्रशाळेचा लॉट,
लेथचे पाय, बाकड्यांच्या पट्ट्या,
आणि त्यात हे, चार नळकांडी वर करून बसलेलं.
क्रेनवाला किसन म्हणाला, पंपाचं हाय.
मी वहीत लिहिलं: पंप.

सालेह चाऊस डबा घेऊन चालला होता, थबकला.
"उल्टा रखे ना रे."
रॉकेलचा बोळा फिरवला, पितळी पट्टी उजळली:
इंग्लंडातलं गाव, एकशे तीस घोडे.
जिप्सी, तो म्हणाला,
घरातल्या पोरीला हाक मारावी तसं.

साखळीला टांगून फिरवलं.
क्रँक वर, सिलिंडर खाली,
चार वटवाघळं, अंगभर चकत्या नेसलेली.

कामून असं?
तर सरळ इंजिनाची डोकी वैमानिकाच्या आड येत,
धावपट्टी दिसेना.
मग कुणीतरी टेबलावरचा कागदच फिरवला.
त्याच्याही आधी, पहिल्या लढाईनंतर
आठ सिलिंडरची इंजिनं कवडीमोल पडून होती,
त्यातलं एक उभं चिरलं, अर्धं ठेवलं,
तिथून हे घराणं.
म्हणजे भंगारातूनच की, मी म्हणालो.
चाऊस हसला नाही.

त्याचा बाप बेगमपेठेला पंखा मारायचा.
रात्रीतून तेल उतरतं, खालच्या डोक्यांत साचतं,
तसंच चालू केलं तर दांडा वाकतो.
म्हणून पहाटे आधी हातानं, हळू,
एकेकाला विचारत फिरवायचं,
मग झटका, आणि मागं सरायचं.
एकदा सरला नाही.
चाऊस एवढंच बोलला.

मग त्यानं हब धरला.
एक, तीन, चार, दोन:
पेटायचा क्रम हा, शेजाऱ्यामागून शेजारी नाही.
एक गप्प. तीन गप्प.
चारवर हात अडला,
आतून कुणी दार रेटून धरल्यासारखा,
मग फुस्स.
दोन बघायचं राहूनच गेलं, भोंगा झाला.

वहीतलं 'पंप' खोडलं.
काय लिहावं सुचेना, वजन लिहिलं,
एकशे सदतीस किलो,
आणि साखळीलाच राहू दिलं,
उलटं, म्हणजे सुलटं.

सकाळी खाली परातीएवढा तेलाचा डाग.
चाऊसनं बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं,
म्हणाला, एकशे छत्तीस कर.