उखा

आधीची तीन बारशापर्यंत टिकली नाहीत,
म्हणून चौथीला सुइणीनं धुतलं, पुसलं
आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं.
घटकाभरानं आत्या गेली, उचलून घेऊन आली,
'कोन्हं तरी टाकेल पोर सापडनी' असं ओरडत,
दैवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
नाव उखा.
दैव फसलं,
ते नव्वद वर्षं फसलेलंच राहिलं.

किंवा ब्याण्णव.
आधार कार्डावर एक जानेवारी आहे,
तिच्या वयाच्या सगळ्या गावाचीच ती जन्मतारीख.
ती सांगायची, बुराईला वैशाखात पाणी होतं त्या साली.
असं साल कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

मोजायला तिच्याकडे एकच माप. पाथ.
निंदायला बसलं की पुढ्यात येते ती,
या बांधापासून त्या बांधापर्यंत.
कळा किती वेळ दिल्यास, मोठमाय?
दोन पाथा.
तिसरी अर्धी झाली तेव्हा माझे वडील आले,
उरलेली अर्धी जाऊबाईनं काढली.
त्या अर्ध्या पाथेपायी दर आखाजीला
तिच्या घरी सांजोऱ्यांचा डबा जायचा,
जाऊ गेल्यावर तिच्या सुनेकडे,
आणि सून सुरतेला गेली तेव्हा एसटीनं.

देवमाणूस नव्हती.
माझ्या आईच्या हातून खापरावर मांडा फाटला,
त्यावरून अकरा महिने अबोला धरला तिनं,
निरोप म्हशीला सांगायची,
आई तिथंच धार काढत असायची.

मिरची खुडलेल्या दिवशी
आम्हाला बोट लावायची नाही.
कपाळावरचे केस सारायचे तर कोपरानं.
मला कितीतरी वर्षं वाटायचं
लाड कोपरानंच करतात.
अजूनही ताप आला की
कपाळाला तेच हाड हवं असतं,
टोकदार, गार,
दोंडाईच्याच्या मिरचीचा दुरून वास असलेलं.

भावानं हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला
त्या दिवशी भावजयीनं शेवेची भाजी केली होती.
रस्सा पातळ होता, हे तिला शेवटपर्यंत आठवत होतं.
कागदाचं काही बोलली नाही.
फक्त माहेरच्या रस्त्याला बस लागली
की उजवीकडच्या खिडकीत बसायची
आणि एक विहीर मागे पडेपर्यंत
कुणाशी बोलायची नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात
खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर एक पोरगा यायचा,
आजी, आज वीस मीटर.
तिनं मान वर करून कॉरिडॉर पाहिला.
'आर्धी पाथ बी नही शे ही.'
वॉकर ढकलत निघाली.
मध्येच थांबली, एका हातानं वाकली,
आम्ही सगळे ओरडलो,
तोवर तिनं फरशीवर पडलेला
कुणाच्या तरी पट्टीचा दोरा उचलला होता
आणि भिंतीच्या कडेला टाकलाही होता,
बांधावर हरळी टाकावी तसा.

थंडीत गेली, दादर हुरड्यात असताना.
ग्रामसेवकानं विचारलं, व्यवसाय?
वडील काहीच बोलेनात.
त्यानं स्वतःच 'घरकाम' लिहिलं,
शाई वाळायला कागद हलवला.

दहाव्याला राख तापीत सोडली.
सगळी नाही.
एक तांब्या वडिलांनी मागे ठेवला होता.
गोठ्यामागे गेले, उकिरड्यात ओतला,
फावड्यानं वरखाली केलं.
आत्याचं ओरडणं मला तेव्हा आठवलं.
ते मात्र तोंडातून अवाक्षर न काढता
हात धुऊन आले.

वैशाखात खत ट्रॉलीतून वावरात गेलं.
आता कपाशी गुडघ्याला लागतेय,
बाया रांगेनं बसल्यात.
ती कुणाच्या पाथेत आलीय
ते मला सांगता येत नाही.