कट्टा सोडून

चोरीला गेलं ते एवढंच:
अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर
आणि दुरुस्तीला आलेल्या एका काट्याचं बिडाचं ताट.
तीस वर्षं त्यावर हळदीची पोती चढली-उतरली होती.
हवालदारानं विचारलं, ओळखू येईल का?
म्हटलं, वासावरून येईल.
त्यानं ते लिहून घेतलं नाही.

मग तौसिफ मुल्लाणी आला स्कूटरवरून,
पायांत खोकी, खांद्याला वायरचं भेंडोळं.
गणपती पेठेच्या मागल्या बोळातली माझी दोन मजली इमारत
त्यानं खालून वर अशी पाहिली
जसा शिंपी गिऱ्हाईक बघतो.

बुलेट घ्या मामा, लांबनं दिसतोय,
चोर तिथनंच माघारी.
न्हाईतर डोम. त्याचं तोंड कुठं हाय ते कळतच न्हाई,
ज्याला त्याला वाटतंय, माझ्याकडंच बघतोय.
अशी दोन माणसं आमच्या पेठेत आहेत.
मी बुलेट म्हटलं.

रात्री रंगीत हवं तर दिवा जळत ठेवायचा,
काळंपांढरं चालत असेल तर अंधारातही दिसतं,
फक्त महिन्यातून एकदा काचेवरनं केरसुणी फिरवा,
तिथल्या उबेला कोळी जाळं धरतो
आणि रात्रभर मोबाईल सांगत बसतो,
हालचाल आढळली, हालचाल आढळली.

भिंतीवर त्यानं पेन्सिलीनं खूण केली. आठ फूट.
फार वर गेलं तर टक्कल दिसतं, म्हणाला, तोंड नाही.
मी त्याला जरा वरची दुसरी रेघ दाखवली,
निळ्या ऑइलपेंटची, शेजारी तारीख, साल एकोणीस.
मापं मी घेतो,
पण एवढं एक माप कृष्णामाईनं घेतलेलं.
तो रेघेकडं बघत राहिला.
मग थुंकी लावून आपली खूण पुसली,
दहा फुटांवर नवी केली.
टक्कल तर टक्कल.

शेवटी भिंगाचं निघालं.
शिडीवर चढून त्यानं कॅमेरा हातातच धरला,
दोन पॉइंट आठचा, रुंद नजरेचा,
आणि फोन माझ्या हातात दिला.
दिसतंय का?

सगळंच दिसत होतं.
शटर, मीटरची पेटी, वरच्या फॉल-पिकोच्या पायऱ्या,
आणि माझा कट्टा.
कट्ट्यावर आण्णाप्पा हमाल,
कवळी काढून रुमालात ठेवलेली,
भाकरी आमटीत मऊ व्हायची वाट बघत.
त्याच्या पलीकडं ती नर्सिंगची मुलगी,
रोज कुपवाडच्या बसची वेळ होईपर्यंत बसते,
कानाला फोन, बोलता बोलता रडते,
निघायच्या आधी माझ्याच नळावर तोंड धुते.
नाव मला माहीत नाही.
त्या पाच इंची काचेत
तिच्या मनगटावरचा धागासुद्धा मोजता येत होता.

माझं आयुष्य काट्यांत गेलं.
ताटाला नकळत अंगठा लागला तरी वजन बदलतं,
हे पोरंसोरंही जाणतात.
नजर लागली तर?
त्याचा शिक्का कुठलं खातं मारतं?

म्हटलं, अरुंद दाखव.
त्यानं चारचं लावलं.
शटर जवळ आलं, कुलूप ठसठशीत,
कट्टा गेला.
मामा, टेहळणीला चोर कट्ट्यावरच बसतोय की!
खरं आहे त्याचं.
भूपाल, माझा भागीदार, तोही हेच म्हणाला,
वर म्हणाला, पैसे तेवढेच, मग निम्मंच का बघायचं?
त्यालाही उत्तर सुचलं नाही.
सुचलं असतं तरी दुपारची वेळ होती,
आण्णाप्पा ऐकत होता.

बसला एकदाचा. पावती साडेपाच हजारांची.
चोर आलाच परत, तर कुलपाला हात लावताना दिसेल.
त्याआधी बसला असेल घटकाभर, तर बसू दे.

मोटर नवी आणली.
ताट मिळालं नाही.
हळदवाल्याच्या काट्यावर सध्या फळी ठोकून दिली आहे.
तो दोनदा विचारून गेला,
बरोबर दाखवतोय न्हवं?
दाखवतो, म्हटलं,
फळीचं तेवढं वजा करत जा.