साखळीएवढी फट

वेस्ट व्हर्जिनियाच्या या खोऱ्यात मोबाइल चालत नाही.
माझी नोकरी ही, की कुठे काही गुणगुणलं
तर गाडीवरचा अँटेना फिरवत जायचं
आणि त्याला गप्प करायचं.
कारण डोंगराआड ती पांढरी थाळी
आकाशाला कान लावून बसलेली असते,
आणि ती ऐकते ते इतकं बारीक
की त्यापुढे पडणारा हिमकणही धाडकन आदळतो.

जानेवारीत तीन रात्री एक खरखर.
दर अकरा मिनिटांनी. येते, थांबते, येते.
कंट्रोल रूममधली पोरं हसेनाशी झाली.
इरा प्रिंगल, एरवी सगळ्यांची टिंगल करणारी,
हळूच म्हणाली, "समजा, असलंच कुणी,
तर आपण इथे आहोत हे सांगायचं का त्यांना?"
कॉफी यंत्रातून थेंब थेंब पडत राहिली.
मी घरी जाऊन पडदे ओढून झोपलो,
जणू चारशे प्रकाशवर्षं ओलांडून येणाऱ्याला
माझ्या पडद्याची आडकाठी होणार होती.

चौथ्या रात्री काटा खाली वळला.
खाली म्हणजे जमिनीवर.
ओढ्यापलीकडचा कच्चा रस्ता, शेवटचं घर.

रात्रीचा एक. बर्फात करकरणारे माझेच बूट
मला दुसऱ्या कुणाचे वाटले.
दार वाजवलं.
आत दिवा लागला. विझला.
मग बंदुकीचा खटका,
तो आवाज इथे लहान मुलंही ओळखतात.
"कोण आहे?"

काय सांगणार होतो?
नाव सांगितलं. नावाने काय कळतं कुणाला.
हात रिकामे आहेत हे दिसावं म्हणून
एक हात वर केला,
आणि आठवलं, आपण यानाबरोबर धाडलेल्या
त्या धातूच्या पट्टीवरचा माणूसही
असाच उभा आहे, हात वर करून,
अंगावर चिंधी नाही,
कधीपासून.

दार उघडलं. साखळीएवढंच.
एक डोळा, लोकरीची टोपी, नळीचं टोक.
लोव्हिना टॅकेट, वय एक्क्याऐंशी.
"आवाज? माझ्या घरात कसला रे आवाज?"

पलंगावर शेकायचा जुना पॅड होता, वायर कुरतडलेली.
तापला की बंद, निवला की चालू.
"डेल्मरच्या बाजूला लावते," ती म्हणाली,
"तो गेल्यापासून ती बाजू गार पडते,
आणि त्या गारठ्यानं मी जागी होते."

नियम स्पष्ट आहेत. मी प्लग काढला.
ती बघत होती. बंदूक आता
काठीसारखी धरलेली.
"तुम्ही ज्यांचं ऐकताय, ते येणार आहेत का?"
"माहीत नाही."
"आले तर सांग त्यांना,
दिवसाउजेडी या म्हणावं.
आणि लांबूनच हाक द्या."

नोंदवहीत लिहिलं: स्रोत स्थानिक, निरसन झाले.
खरं तर ते मी दुसऱ्या दिवशी लिहिलं.
त्या रात्री गाडी सावकाश हाकली,
आणि शेजारच्या सीटवर तो पॅड
घर येईपर्यंत
कोमट होता.