पांढरी फीत

शेवटचा ट्रक काट्यावरून उतरला
की मी ड्रॉवरमधून चुंबक काढतो,
फुटक्या स्पीकरमधलं, रुपयाएवढं.
बाहेर यार्डात क्रेनला दुसरं लटकलंय, बैलगाडीच्या चाकाएवढं.
ते जालन्याच्या भट्ट्यांसाठी जगभराचं भंगार उचलतं.
माझं एका वेळी एक पदक उचलतं.
बहुतेकदा उचलतच नाही.

सत्तावीस वर्षांत एकशे चार ‘जर्मन’ हातात आले,
अकरा खरे निघाले.
बाकीचे एका दमात साच्यात ओतलेले,
चहाच्या पाण्यात उकळून, उकिरड्यात पुरून
म्हातारे केलेले.
खोट्याचा गंज सगळीकडे सारखा चढतो.
खरा गंज लहरी असतो,
काळ्या रंगाखालून एका कोपऱ्यातच डोकावतो.

सालेह बिन अवद चाऊस
मंठा चौफुलीहून लुनावर आले.
सुपारीच्या डबीत आणलं होतं.
“दादा निजामाच्या रिसाल्यात. पॅलेस्टाईनला
जर्मनाच्या छातीत भाला घातला अन् हे तोडून आणलं.”
चार पिढ्यांच्या लग्नांत सांगितलेली गोष्ट,
सांगताना हात आपोआप उचलला जायचा.

चुंबकाला क्रूस टक्कन चिकटला.
भिंगाखाली चांदीची चौकट दोन अर्ध्यांची,
जोड दिसतो, केसाएवढा.
पुढे मुकुट आणि एकोणीसशे चौदा,
मागे ओकची पानं, अठराशे तेरा.
कडीवर दोन झिजलेली अक्षरं.

“डोईफोडे, बोला की. दवाखान्यातल्यासारखं काय करायलाव?”
खरं आहे, म्हणालो.
त्यांनी टोपी काढून परत घातली.

मग डबीच्या तळाशी, सुपारीच्या चुऱ्यात
बोटाच्या पेराएवढी फीत सापडली.
लढणाऱ्यांची फीत काळी, तिच्यावर पांढऱ्या रेघा.
ही पांढरी होती. रेघा काळ्या.

ही मागे राहणाऱ्यांना मिळायची.
पोती मोजणारा, रेल्वेची वेळ लिहिणारा,
पट्ट्या, औषधं, घोड्यांचा चंदी-चारा
वहीत उतरवणारा कुणीतरी.
म्हणजे माझ्यासारखा.
आमच्याकडे मात्र दिवाळीला डबा देतात.

सांगू की नको?
‘काटा खोटं बोलत नाही’
ही दारावरची पाटी मीच रंगवलीय.
सांगितलं.

चाऊस गप्प बसले.
गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवत राहिला.

“दादा भालाईत नव्हतेच,” शेवटी म्हणाले.
“नालबंद होते. घोड्याचे पाय धरायचे.
महिनाभर कैद्यांवर पहारा होता म्हणे,
अन् दादांकडं तंबाखू असायची. भरपूर.”

एक नालबंद आणि एक कारकून,
मध्ये कुठली भाषा होती कोण जाणे.
चिमूटभर तळहातावर घेऊन दाखवली असेल,
त्यानं छातीकडं बोट केलं असेल. की उलट?

साठ टनी काट्यावर ते ठेवलं असतं
तर शून्य दाखवलं असतं.
सराफाच्या तराजूत सतरा ग्रॅम भरलं.
वहीत लिहिलं: लोखंड खरं. चांदी खरी. फीत बिनलढाईची.
‘कसं मिळालं’च्या रकान्यात
पेन्सिलीनं: तंबाखू.

चाऊसांनी चष्मा लावून वाचलं,
एकदा, मग पुन्हा.
“बरोबर आहे,” म्हणाले.
डबी खिशात घातली, लुनाला किक मारली,
आणि इंजिन चालू ठेवूनच परत आत आले.
“पुढच्या महिन्यात नातवाचं लग्न आहे.
भाला बी लिहा की.
बारीक अक्षरात लिहा.”